तिने रंग विचारला नव्हता

ती आली होती दाढेत अन्न अडकतं म्हणून. केसपेपर अजून माझ्याकडे आहे. तक्रारीच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'उजवी वरची दाढ, अन्न अडकते, कधीतरी ठणका.' दातांच्या रंगाविषयी तिथे एक अक्षर नाही. तो विषय मी काढला.

नालासोपारा पूर्वेला, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर माझा दवाखाना आहे. सोळा वर्षं मी तिथे दात काढते, भरते, रूट कॅनॉल करते. या काळात हातून चुका झाल्या आहेत. एकदा दाढेचं मूळ आत तुटलं, एकदा कवळी तीन वेळा करूनही नीट बसली नाही. त्या चुकांनी मला झोपेतून उठवलेलं नाही. हात चुकतो, आपण माफी मागतो, दुरुस्त करतो. त्या दिवशी हात चुकला नव्हता. जे केलं ते समजून-उमजून केलं, आणि म्हणून ते लिहून काढायला मला दोन वर्षं लागली.

मुलगी चोवीस वर्षांची, बोरिवलीच्या एका मॉलमध्ये कॅश काउंटरवर. बरोबर आई होती, वालीवच्या एका गाळ्यात पॅकिंगला जाणारी. आई बाकावर बसली ती पदर ओठांवर धरून. मुलगी खुर्चीत बसली, खुर्ची मागे कलली तशी "अगं बाई!" म्हणून मोठ्याने हसली. तोंडभर हसली. ते हसू मला नीट आठवतं, कारण पुढे ते पुन्हा दिसलं नाही.

दाढ वीस मिनिटांत भरून झाली. मग मी ड्रॉवर उघडला आणि शेड गाइड काढलं. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: एका पट्टीवर सोळा कृत्रिम दात ओळीने खोचलेले असतात, एका टोकाला जवळजवळ दुधी आणि दुसऱ्या टोकाला करडा-पिवळा. कॅप बसवताना शेजारच्या दाताशी रंग जुळवायला ते बनवलेलं आहे. मी तिच्या हातात आरसा दिला, पट्टीतला सगळ्यांत पांढरा दात उपसला आणि तिच्या सुळ्याला टेकवून धरला.

"बघ किती फरक आहे," मी म्हटलं. "दात चांगले आहेत गं तुझे, पण पिवळे पडलेत. घरी लग्नाचं बघतायत ना?"

माणसाच्या तोंडात सुळा हा नैसर्गिकरीत्याच सगळ्यांत गडद दात असतो. कोणाच्याही तोंडात बघा. दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात. समोरच्या पटाशीच्या दाताशी तो नमुना धरला असता तर फरक निम्माही दिसला नसता. मी सुळा निवडला, कारण सुळ्याशी धरल्यावर माणूस हो म्हणतो. हे मला कोणी शिकवलं नाही. माझं मीच शोधून काढलं होतं आणि वर्षभर वापरत होते.

दात मुळात पिवळसरच असतात, हेही मला ठाऊक होतं. वरचं एनॅमल काचेसारखं अर्धपारदर्शक. त्याच्या आतल्या डेंटिनचा पिवळा रंग त्यातून दिसतो. वय वाढतं तसं एनॅमल झिजतं आणि आतला रंग अधिक उघडा पडतो. पिवळसर दात मजबूत असू शकतो, पांढराशुभ्र दात आतून किडलेला असू शकतो. चोवीस वर्षांच्या त्या मुलीचे दात तिच्या वयाला शोभतील असेच होते. चहाचे थोडे डाग होते, ते स्केलिंग आणि पॉलिशने गेले असते.

मग मी का केलं? कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. व्हाइटनिंगचा निळा दिवा मी आदल्या वर्षी हप्त्यावर घेतला होता. जागेचं भाडं वाढलं होतं. दाढ भरण्याचे पैसे हजाराच्या आत, व्हाइटनिंगचे नऊ हजार. खालच्या मजल्यावरच्या पार्लरशी माझं ठरलेलं होतं: नवरी पाठवली की पार्लरवालीला काही रक्कम. आमच्या आचारसंहितेत कमिशन घेणं आणि देणं दोन्ही निषिद्ध आहे. मी त्याला मनात 'मार्केटिंगचा खर्च' म्हणत होते. शब्द बदलला की मन किती पटकन गप्प बसतं!

त्या दिव्याबद्दलही सांगून टाकते. दात पांढरा करतं ते जेलमधलं पेरॉक्साइड. ते एनॅमलमधून आत झिरपतं आणि रंगाचे मोठे रेणू फोडून लहान करतं. दिव्याने त्यात टिकाऊ अशी फारशी भर पडत नाही. दात कोरडा मात्र होतो, आणि कोरडा दात अधिक पांढरा दिसतो. म्हणून खुर्चीतून उठताना जो रंग दिसतो तो खरा नसतो. दात पुन्हा ओलावा धरतो तसा रंग दिवसागणिक खाली येतो आणि साधारण दोन आठवड्यांनी स्थिरावतो. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो मी कधी काढत होते? खुर्चीतच, लगेच, ओठ ताणलेले असताना. वेटिंगच्या भिंतीवर अशा फोटोंची चौकट होती.

आठवड्याने ती आली, पैसे जमवून. पगार चौदा हजार. भिशी लागली होती म्हणाली. मी सहमतीचा कागद पुढे केला, तिने सही केली. तो कागद इंग्रजीत होता. दात शिवशिवतील, हिरडी भाजू शकते, रंग कायम राहत नाही, हे सगळं त्यावर छापलेलं होतं. कायद्याने मी सुरक्षित होते. त्यातलं एकही वाक्य मी तिला मराठीत सांगितलं नाही. "काही होत नाही," एवढंच म्हटलं.

तिच्या दातांना हिरडीलगत खाचा होत्या. कडक ब्रशने आडवं, जोर लावून घासणाऱ्यांना अशा खाचा पडतात. नखाने चाचपलं तर नख अडतं. तिथे एनॅमल जवळजवळ नसतं, डेंटिन उघडं असतं आणि पेरॉक्साइडला नसेपर्यंत जायला मोकळी वाट मिळते. आधी त्या खाचा भरायच्या किंवा निदान झाकायच्या, दोन आठवडे पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट लावून नस शांत करायची, मग पुढचं बघायचं, अशी रीत आहे. मी खाचा पाहिल्या होत्या. पण त्या भरायला आणखी एक खेप लागली असती, आणि त्या खेपेत तिचा विचार बदलला असता.

हिरडीवर संरक्षक लेप लावला, ओठ ताणले, पस्तीस टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल दातांवर पसरलं. पंधरा मिनिटं, पुसायचं, पुन्हा पंधरा. दुसऱ्या फेरीत तिने डावा हात वर केला. मीच तिला सांगितलं होतं, दुखलं तर हात वर कर. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "थोडं सहन कर, शेवटचं राहिलंय." तिसरी फेरीही केली. जेल पुसल्यावर दिसलं की डाव्या बाजूला लेपाच्या फटीतून ते हिरडीवर उतरलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढी हिरडी पांढरीफटक पडली होती. भरपूर पाण्याने धुतलं, व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावली. आणि मग, हे मी विसरू शकत नाही, मी तिचा फोटो काढला.

रात्री अकराला तिचा फोन आला. दातातून वीज गेल्यासारखी सणक येते म्हणाली. तोंड उघडून श्वास घेतला तरी. मी वेदनाशामक गोळी सांगितली आणि "उद्या बरं वाटेल" म्हणून फोन ठेवला. ते खोटं नव्हतं. बहुतेकांना दिवस-दोन दिवसांत बरं वाटतं, भाजलेली हिरडीही काही दिवसांत पुन्हा गुलाबी होते. पण तिला दुसऱ्या दिवशी सकाळच्या विरार गाडीत दारातल्या वाऱ्याला तोंड देऊन बोरिवलीला जायचं होतं, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायचं होतं. तिने ओढणी तोंडाला बांधून दिवस काढला, असं तिची आई नंतर म्हणाली. मी पुढे केलेल्या पथ्याच्या कागदावर काय होतं? दोन दिवस चहा, कॉफी, हळद, मसाला, रंगीत सरबत नाही, दहीभात, दूध, केळं चालेल, कोमट पाण्याने चुळा, मऊ ब्रश. ज्या घरात एकच आमटी शिजते आणि तीही हळदीची, तिथे हे कसं जमेल, असा प्रश्न माझ्या मनात आला नाही. ती दोन दिवस पावाला दही लावून खात होती.

सौम्य मार्ग नव्हता असं नाही. खरं तर आज जी पद्धत सगळ्यांत भरवशाची मानतात तिचा शोध अपघाताने लागला. १९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात बिल क्लुसमियर या दंतवैद्याने हिरडी बरी व्हावी म्हणून एक जंतुनाशक द्रव दातांच्या साच्यात घालून रात्री वापरायला दिला, आणि हिरडीबरोबर दातही उजळल्याचं त्याच्या लक्षात आलं. १९८९ साली हेवूड आणि हेमन यांनी ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, म्हणजे सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. दातांच्या मापाचा पातळ ट्रे, त्यात थेंब-थेंब जेल, रात्री घालून झोपायचं, दोनेक आठवडे. शिवशिवलं तर एक रात्र सोडायची; लगाम पेशंटच्या हातात. युरोपीय संघाने २०११च्या निर्देशानुसार सहा टक्क्यांची कमाल मर्यादा घातली, तिथे ०.१ टक्क्याच्या वरचं काहीही दंतवैद्यामार्फतच मिळतं आणि अठरा वर्षांखालच्यांना देता येत नाही. हे मला माहीत होतं. ट्रेची पद्धत मी तिला सांगितलीसुद्धा नाही. त्या पद्धतीत दिवा लागत नाही.

कोणाला वाटेल, व्हाइटनिंग म्हणजेच पाप, असं मी म्हणते आहे. तसं नाही. अर्नाळ्याचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. लहानपणी बोटीच्या कडेवर तोंड आपटून त्याचा पुढचा एक दात मेला होता आणि काळानिळा पडला होता. रूट कॅनॉल करून तो दात आतून उजळवला. त्याने आरशात पाहिलं आणि आरसा खाली ठेवेना. तो स्वतः त्या दातासाठी आला होता. वर्षानुवर्षांची त्याची लाज होती, ती त्याने माझ्यापुढे ठेवली आणि मी ती हलकी केली. या मुलीकडे लाज नव्हती. ती मी दिली.

दोन महिन्यांनी ती आली तेव्हा मला हे कळलं. दाढ दाखवायला आली होती. हसताना तिने तोंडावर हात धरला. बोलतानाही वरचा ओठ खाली ओढत होती. "मॅडम, परत पिवळे झालेत का हो?" रंग स्थिरावला होता, तेवढंच. पण ती रोज मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघत होती. मधल्या काळात ऑनलाइन मागवलेली कोळशाची भुकटी दातांना चोळली होती, एका व्हिडिओत पाहून लिंबू-मीठही लावलं होतं. आम्लाने मऊ पडलेलं एनॅमल मिठाच्या खड्याने घासलं की ते जातंच. एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात; हाड सांधतं, कातडी भरून येते, एनॅमल परत येत नाही. आपल्या आज्या राखुंडीने दात घासत होत्या, ती आपण मागे टाकली, आणि तीच काळी भुकटी चकचकीत डबीत भरून घरात परत आली. तिच्या खाचा पूर्वीपेक्षा खोल झाल्या होत्या.

तोंडावर हात धरून ती बोलत होती, आणि बाकावर तिची आई तोंडावर पदर धरून बसली होती. मी दोघींकडे पाहिलं. त्या क्षणी पहिल्यांदा मला विचारावंसं वाटलं, "मावशी, तुम्ही कधी तपासून घेतलं नाहीत का तोंड?"

"माझं काय बघायचं," त्या म्हणाल्या. "मशेरीनं काळे झालेत. लाज वाटते."

मशेरी म्हणजे तव्यावर भाजून चुरलेली तंबाखू. दात घासायचं निमित्त, पण ती हिरडीला लावून ठेवायची आणि सकाळी कामाला जायच्या आधी तिच्याशिवाय चैन पडत नाही. १९९२ साली केंद्र सरकारने तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर बंदी आणली, पण घरच्या तव्यावर बंदी कशी येणार? वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत उभ्याने काम करणाऱ्या किती बायकांच्या कमरेला ती डबी असते, हे मी सोळा वर्षं बघते आहे. मीही अशा घरातली आहे. आगाशीकडे आमची पानवेलीची वाडी होती आणि आजीचं तोंड सदा रंगलेलं असे. तेव्हा त्यात आम्हाला कौतुकच वाटे. सुपारी एकटीसुद्धा कर्करोग करते असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सांगितलं. आजी त्याआधीच गेली होती.

मी मावशींना खुर्चीत बसवलं. पदर बाजूला करायला त्यांना वेळ लागला. खालचा ओठ मी बोटांनी पुढे ओढला. जिथे मशेरी धरून ठेवतात त्याच जागी, ओठाच्या आत, सुरकुतलेला पांढरा पट्टा होता. पुसून जात नव्हता. दुखत नव्हता. असे चट्टे बहुधा दुखत नाहीत, म्हणूनच ते शोधायला दुसऱ्याची नजर लागते. पहिल्या दिवशी ही बाई माझ्यापासून सहा फुटांवर बसली होती. मुलीच्या व्हाइटनिंगच्या दिवशीही. मी पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा ओळखते. ही सतरावी मला दिसली नाही, कारण मी पाहिलंच नाही. तिच्या तोंडात नऊ हजार नव्हते.

मुंबई सेंट्रलजवळच्या नायर दंत महाविद्यालयात मी त्यांना पाठवलं, पहिल्या वेळी स्वतः बरोबर गेले. तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता, पण पेशींत बदलाची सुरुवात झालेली होती. आता दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. मशेरी सोडली म्हणतात. उजव्या हाताचं पहिलं बोट कधी कधी अजून तपकिरी असतं. मी काही बोलत नाही, बोट धरून बघते फक्त, आणि त्या मान खाली घालतात.

दवाखान्यात काही गोष्टी बदलल्या आहेत. दिवा विकला, तोट्यात. कागद मराठीत आणि हिंदीत केला आणि मी तो वाचून दाखवते. पार्लरचं बंद केलं. व्हाइटनिंगचं कोणी स्वतः विचारलं तर आधी कीड, खाचा, हिरड्या बघते. गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर थांब म्हणते. पुढच्या दाताला जुनं सिमेंट किंवा कॅप असेल तर त्यांचा रंग बदलणार नाही, ते बदलायला निदान दोन आठवडे थांबावं लागेल आणि वेगळे पैसे पडतील, हे आधी सांगते. बहुतेक लोक स्केलिंगवर समाधानी होऊन जातात. भिंतीवरची चौकट उतरवली. हे सगळं करताना मला जरा बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचीच मला शंका येत होती. ज्यांना मी सुळ्याशी नमुना धरून दाखवला त्या चाळीस-पन्नास जणांपैकी कोणाला मी काही सांगितलं होतं? कोणालाच नाही. नव्या पेशंटशी प्रामाणिक राहणं सोपं होतं.

गेल्या दिवाळीनंतर दोघी आल्या. मावशींची तपासणी होती. मुलगी उभी होती, हात तोंडावर. "मॅडम, बोनस आलाय," ती म्हणाली. "परत एकदा करू या का?"

मी तिला बसायला सांगितलं. ड्रॉवरमधून शेड गाइड काढलं, आरसा दिला, तोच पांढरा नमुना आधी तिच्या सुळ्याशी धरला आणि मग पुढच्या दाताशी. मग माझं तोंड उघडून माझ्या स्वतःच्या सुळ्याशी. माझा तिच्यापेक्षा गडद आहे.

ती बराच वेळ आरशात बघत राहिली. "म्हणजे तेव्हा पिवळे नव्हते?"

"नव्हते."

"मग तुम्ही तसं का म्हणालात?"

मी सांगितलं. दिव्याचा हप्ता सांगितला, सुळा का निवडला ते सांगितलं, तिने हात वर केला तेव्हा मी घड्याळ बघितलं तेही सांगितलं. मावशी पदर हातात धरून ऐकत होत्या. नऊ हजारांचं पाकीट मी महिनाभर टेबलाच्या खणात ठेवलं होतं, ते पुढे केलं. ती "राहू द्या" म्हणेल अशी कुठेतरी आशा होती, हेही इथे लिहायला हवं. तिने पाकीट उघडलं, नोटा मोजल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. मग आईचा हात धरून उठवलं.

"चल आई," ती म्हणाली, "पाणी यायची वेळ झाली."